बाच्या सदऱ्यावरचे दोन आकडे

नागपूर,
१५ डिसेंबर, रविवार

प्रिय बादल,

चार दिवसांत मी तुला अकरा वेळा फोन केला. परवा एकदाच उचललास आणि "टायर बदलून राह्यलो, मंग करतो" म्हणून ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. फुलचंदकाका मुलीकडे नागपूरला आले आहेत, उद्या सकाळच्या बसनं तांड्यावर परतणार आहेत. त्यांच्या हाती देते आहे. ते उघडणार नाहीत, तसं वचन घेतलं आहे. तू मात्र शेवटपर्यंत वाच. मधेच राग येईल, कागद चुरगाळून फेकावासा वाटेल. फेकलास तरी उचल आणि पुन्हा वाच. घरी आपण आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलतो, पण शाळेनं आपल्याला मराठीच लिहायला शिकवलं, म्हणून मराठीत लिहिते आहे.

सरकारी प्रयोगशाळेचा अंतिम अहवाल शुक्रवारी दिग्रसच्या ठाण्यात पोचला. त्यात काय आहे हे विचारायला तू गेला नाहीस, असं किसनराव जमादार म्हणाले. मला त्याचं नवल वाटलं नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगते. यातलं बरंचसं तुला माहीत आहे, पण गेले तीन महिने आपण दोघं एकमेकांशी अर्धवटच बोललो आणि दर वेळी दोघांनीही काहीतरी गिळलं.

अकरा सप्टेंबरला बुधवार होता. बा सकाळी सातलाच फवारणीला उतरला. कपाशीची पऱ्हाटी यंदा त्याच्या छातीच्या वर गेली होती. साडेबाराच्या सुमारास रुपीबाई भाकर आणि अंबाडीची भाजी घेऊन वावरात गेली. बा जेवला. दोन वाजता त्याला मळमळलं, मग उलट्या, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तू मारेगावची खेप घेऊन गेला होतास. तांड्याच्या भीमसिंग नायकांनी त्याला जीपमध्ये घालून दिग्रसला नेलं, तिथे नळी घालून पोट धुतलं, रक्त घेतलं, आणि तिथून यवतमाळला पाठवलं. मी नागपूरहून पोचले तेव्हा बा कुणाला ओळखत नव्हता. शुक्रवारी तो गेला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. त्याच दुपारी दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाखाली तू मला म्हणालास, "जेवला आन् गेला, ताई. मले दुसरं काही सांगू नको."

रविवारी पोलिसांनी घराची झडती घेतली. धान्याच्या कोठीमागे चिंध्यांत गुंडाळलेली मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाची बाटली निघाली, अर्धी रिकामी. शेजारच्यांनी सांगितलं की मंगळवारी संध्याकाळी नवराबायकोचं कडाक्याचं भांडण झालं आणि रुपीबाई "मर एकदाचा" असं ओरडली. तू जबाब दिलास, की पाठीवरचा फवारणीचा पंप चांगला होता, गळत नव्हता. बा नेहमी अंग धुऊन, कपडे बदलूनच जेवायचा. आणि रुपीबाईचं त्याच्याशी पटत नव्हतं. त्या जबाबाच्या दुसऱ्या पानावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. सोमवारी तिला अटक झाली. जीपमध्ये चढताना तिनं आपल्याकडे पाहिलं. तू मान फिरवलीस. मी फिरवली नाही, तिच्याकडे बघत राहिले, कारण मलाही ते खरंच वाटत होतं. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं वाचताना ताई मोठेपणा मिरवते आहे असं तुला वाटणार नाही.

याडी, आपली जन्मदाती, गेली तेव्हा मी तेरा वर्षांची होते, तू आठचा. दीड वर्षानं रुपीबाई घरात आली. वर्षभर तू तिच्यासमोर जेवला नाहीस. ती तुझं ताट मांडून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची आणि तू हात धुतलेस की आत यायची. माझं तुला माहीत नाही, ते सांगते. बी.एस्सी.ला मी नागपूरला आले तेव्हा बाला वावर सोडता आलं नाही, तीच सोबत आली. डोक्यावर माझं गाठोडं, अंगावर आरशांचा घागरा, हातभर पांढऱ्या बांगड्या. वसतिगृहाच्या बाईंनी विचारलं, "या कोण?" मी म्हटलं, "गावाकडच्या आहेत." तिला मराठी चांगलं कळतं, बादल. मला खोली मिळाली हे नक्की होईपर्यंत ती दिवसभर पायरीवर बसून राहिली आणि मग एकटीच बसस्टँड विचारत गेली. आपण दोघांनी तिला कधी याडी म्हटलं नाही. त्यामुळे तिनं विष घातलं हे मानायला आपल्याला एक दिवसही लागला नाही.

आता कपड्यांचं. बाच्या अंगावरचे कपडे दिग्रसलाच उतरवले होते आणि एका पिशवीत घालून त्याच्याबरोबर पाठवले होते. यवतमाळला ती पिशवी माझ्या हातात आली. कुणी ती मागितली नाही, मीही तिच्याबद्दल बोलले नाही. फेकवत नव्हती, उघडवत नव्हती, म्हणून नागपूरला आणून ट्रंकेत टाकली. दिवाळीला मी घरी आले नाही. सुट्टीत खोली झाडताना ट्रंक काढली आणि पिशवीची गाठ सुटली. सडलेल्या लसणासारखा वास आला. तो वास मला ओळखीचा होता. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात एक लहानशी बाटली आहे, तिचं बूच काढलं की तोच येतो. कोठीमागे सापडलेल्या औषधाला तसा वास नसतो. आणि दुसरी गोष्ट तिथेच, ट्रंकेसमोर बसल्या बसल्या लक्षात आली. कपडे बदलून बा जेवला असेल, तर फवारणीचा सदरा दवाखान्यात त्याच्या अंगावर कसा?

तू तांड्यावर सगळ्यांना सांगतोस, माही ताई मिरच्या तपासते. ते बरोबरच आहे. परदेशी जाणाऱ्या मिरच्या, संत्री, तूर यांच्यावर औषधाचा अंश किती उरला ते आम्ही मोजतो. पण कसं मोजतो ते मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आज ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बाच्या रक्ताच्या पहिल्या तपासणीत एवढंच आलं होतं, की 'सेंद्रिय फॉस्फरस गटातलं विष'. तेवढ्यावर तांडाभर झालं, निघालं ना विष. पण त्या गटात डझनांनी औषधं आहेत. कोठीमागची बाटली त्या गटातली, आणि बा पऱ्हाटीवर मारत होता तेही त्याच गटातलं. तिखटानं तोंड भाजलं एवढ्यावरून मिरची भिवापुरी की गुंटूरची हे सांगता येत नाही. नेमकं नाव काढायचं तर त्या पदार्थाचा रेणू मोजावा लागतो.

रेणू काट्यावर ठेवता येत नाही. पण तू रिकामी गाडी आणि भरलेली गाडी एकाच वेगानं वळणावर घातलीस, तर कोणती किती बाहेर ओढते ते तुला स्टिअरिंगवरच कळतं. आमचं यंत्र तसंच काहीसं करतं. त्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. कापडाचा तुकडा द्रावकात घालून हलवायचा, गाळायचा, आणि त्यातला थेंबाहूनही बारीक अंश सुईनं आत सोडायचा. तिथे त्याची वाफ होते. ती वाफ केसासारख्या बारीक, तीस मीटर लांब नळीतून जाते, आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या मिनिटाला बाहेर पडतो, कुणी लवकर, कुणी उशिरा. पुढे एक पोकळी असते, तिच्यातली सगळी हवा काढलेली. तिथे तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन सुटत असतात. ते रेणूवर आदळले की रेणूवर विद्युतभार येतो आणि तो फुटतो. वेडावाकडा फुटत नाही. एका पदार्थाचा रेणू दर वेळी त्याच जागांवर फुटतो. मग ते तुकडे चार दांड्यांच्या मधून जातात. दांड्यांवरचा वीजदाब सारखा बदलत असतो, त्यामुळे एका क्षणी एकाच वजनाचा तुकडा सरळ पार होतो आणि बाकीचे वळून दांड्यांवर आपटतात. पलीकडे पोचलेल्यांची मोजणी होते. पडद्यावर उभ्या काड्या दिसतात, प्रत्येकीखाली वजनाचा आकडा, हायड्रोजनच्या एका अणूला एक धरून. माणसाचा चेहरा ओळखावा तसं त्या काड्यांवरून आम्ही पदार्थ ओळखतो. मोनोक्रोटोफॉसची सगळ्यात उंच काडी एकशे सत्तावीसवर येते.

दहा नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, मी प्रयोगशाळेत एकटी गेले. परवानगी नव्हती. सदऱ्याच्या छातीवर उलटीचा वाळलेला डाग होता, तिथला दोन बोटं रुंद तुकडा आधी कापला. रुपीबाईनं भाजीत काही घातलं असेल तर ते त्या डागात सापडायलाच हवं होतं. मोनोक्रोटोफॉस आमच्या नळीतून नवव्या मिनिटाला निघतं. मी खुर्चीच्या कडेवर बसून घड्याळाकडे बघत होते. आणि बादल, मला एकशे सत्तावीस हवा होता. तो आला असता तर तू खरा ठरला असतास, माझी सही खरी ठरली असती, आणि एका परक्या बाईनं आपला बाप मारला एवढ्यावर सगळं मिटलं असतं. आठवं मिनिट गेलं. नववं आलं. रेषा सपाट होती. दहावं गेलं तरी सपाट. चौदाव्या मिनिटाला एक छोटा उंचवटा दिसला. मग मी पाठीचा तुकडा कापला आणि तो लावला. पुन्हा नवव्या मिनिटाला काही नाही. चौदाव्या मिनिटाला मात्र रेषा अशी वर गेली की पडद्यात मावेना.

त्या उंचवट्यात दोन काड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, तीनशे सदतीस आणि तीनशे एकोणचाळीस, जवळजवळ सारख्या उंचीच्या. ब्रोमिन नावाचं मूलद्रव्य निसर्गात दोन वजनांचं सापडतं, साधारण निम्मं एक आणि निम्मं त्याहून दोननं जड. ज्या तुकड्यात ब्रोमिनचा एक अणू असतो त्याच्या काड्या अशा जुळ्या पडतात. मोनोक्रोटोफॉसमध्ये ब्रोमिन नसतंच. प्रोफेनोफॉसमध्ये असतं. बा त्या दिवशी तेच मारत होता. त्याचा डबा वावराच्या कडेला धुऱ्यावर सापडला होता, पंचनाम्यातही आहे. पण ते पिकाचं औषध, म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं, आणि सगळ्यांत मी होते.

लगेच एक भीती आली. शुक्रवारी त्याच यंत्रावर मी मिरच्यांचे नमुने लावले होते आणि त्यातल्या दोन नमुन्यांत प्रोफेनोफॉस निघालं होतं. आधीच्या नमुन्याचा अंश नळीत रेंगाळला असेल तर? मी नुसतं द्रावक लावून पाहिलं. काही नाही. माझ्या ओढणीचा तुकडा कापून लावला. काही नाही. मग कॉलर, बाह्या, पाठीचा खालचा भाग, पायजम्याची कंबर. कॉलरवर थोडं, पाठीवर पुष्कळ, कंबरेला त्याहून जास्त. बादल, ते औषध बाच्या पाठीवरून ओघळत खाली गेलं होतं. पाच तास. समोरून वाऱ्यानं उडालेलं असतं तर छातीवर जास्त सापडलं असतं.

सोमवारी विजयमाला मॅडमनी मला खोलीत बोलावलं. त्या आमच्या प्रमुख. यंत्र आपल्या कामाची नोंद स्वतःच ठेवतं, हे मी विसरले नव्हते, पण लपवायचं सुचलंही नव्हतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू केलंस त्याचा कोर्टात काडीचा उपयोग नाही. मेलेल्याची मुलगी तू, जबाबावर सही तुझी, कपडे तुझ्या ट्रंकेत, कात्रीही तुझीच. उद्या कुणीही म्हणेल, हिनेच औषध लावलं." मी म्हटलं, "मग मी काय करू, मॅडम?" त्यांनी उरलेले कपडे स्वतःसमोर सील करवले, सगळं जसं घडलं तसं लिहायला लावलं, मी चोरून केलेल्या तपासणीसकट. म्हणाल्या, "हे पोलिसांना दे. दिग्रसला पोट धुतलेलं पाणी आणि पहिलं रक्त जपून ठेवलेलं असणार. ते, भाजीचं पातेलं आणि हे कपडे, सगळ्यांतल्या विषाचं नाव काढून मागा, असा अर्ज कर. आणि तुला दिसलेला आकडा कुणाला सांगू नकोस." मला महिनाभर यंत्राला हात लावायची बंदी झाली. ती योग्यच होती.

बुधवारी मी अर्ज घेऊन दिग्रसच्या ठाण्यात गेले. किसनराव जमादारांनी तो दोनदा वाचला. म्हणाले, "तुमच्याच भावानं सांगितलं ना, पंप चांगला होता म्हून?" मी म्हटलं, "पंप बघू या." दुपारी आम्ही तांड्यावर आलो तेव्हा तू दारात उभा होतास. पंप गोठ्यात नव्हता, ओसरीत नव्हता. तुझ्या बायकोला, प्रियंकाला विचारलं, तिला माहीत नव्हतं. शेवटी शिपायाला तो गुरांच्या कुटाराच्या ढिगाखाली सापडला. झाकणाचा रबरी वायसर फाटलेला. टाकीच्या पाठीकडच्या बाजूला वीतभर उभी भेग, तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, आणि त्यावर तांब्याच्या तारेचे फेरे. तारेचं टोक दोनदा उलटं वळवून आत दाबलेलं होतं. गाडीवर ताडपत्री बांधताना तू दोरीचं टोक तसंच दाबतोस. मी ते पाहिलं. मी पाहिलं हे तू पाहिलंस, आणि वळून गाडीकडे गेलास. किसनरावांनी विचारलं, "हे कोनं बांधलं?" मी तुझं नाव घेतलं नाही.

अहवाल आता सांगते. पोट धुतलेल्या पाण्यात विष नाही. भाजीच्या पातेल्यात नाही. रक्तात प्रोफेनोफॉस. सदऱ्याच्या पाठीत आणि पायजम्याच्या कंबरेत प्रोफेनोफॉस. मोनोक्रोटोफॉस कशातही नाही. विष अन्नातून गेलेलं नसून कातडीवाटे शरीरात गेल्याचं दिसतं, असं शेवटी लिहिलं आहे. पोलिसांनी तो न्यायालयात दिला आहे. वकील म्हणतात, गुरुवारी, एकोणीस तारखेला, रुपीबाईला सोडतील.

काल मी तिला भेटायला यवतमाळला कारागृहात गेले. नव्वद दिवसांत पहिल्यांदा. ती इतकी वाळली आहे की बांगड्या मनगटात राहत नाहीत, काढून ठेवल्या आहेत. तिथल्या पहाऱ्यावरच्या बाईंनी आम्हाला मराठीत बोलायला सांगितलं, म्हणून ती वऱ्हाडीत बोलली. मी अहवालाचं सांगितलं. तिला आनंद झालेला दिसला नाही, नुसती मान हलवली. मी भांडणाचं विचारलं. म्हणाली, "म्या त्याले म्हनलं, हा पंप पाठीवर घेऊन जाशीन त मरशीन एकदाचा. शेजाऱ्यायनं निम्मंच ऐकलं." मी बाटलीचं विचारलं. म्हणाली, "मांगच्या सालची व्हती. अपेक्षानं खेळता खेळता झाकण काढलं तिचं, म्हून लपवली. सांगितलं असतं त प्रियंकाले बोलनं बसलं असतं, का पोरीकडं ध्यान नाही म्हून." तुझ्या चार वर्षांच्या लेकीच्या हाती लागू नये म्हणून ती बाटली तिथे होती, आणि आपण तिलाच पुरावा मानलं. बाचंही तिनं सांगितलं. भाकर घेऊन गेली तेव्हा त्याची पाठ ओली चिंब होती. ती म्हणाली सदरा काढ, अंग धू. बा म्हणाला, आभाळ भरून आलं आहे, दोन पंप राहिले, ते मारून येतो. तसाच जेवला आणि पुन्हा उतरला. "म्या पंप हिसकून घ्याले पायजे होता," असं ती तीनदा म्हणाली.

मग मी तिला विचारलं, पंप कुणी बांधला होता हे पोलिसांना का सांगितलं नाहीस? पंप गळत होता एवढं जरी पहिल्या दिवशी बोलली असतीस तरी त्यांनी तो शोधला असता. तिनं गज धरला. म्हणाली, "त्यानं माह्यासमोरच बांधला. खेपीची घाई व्हती त्याले. म्हने उद्या दिग्रसहून वायसर आनतो, तवर एवढ्यावर भागव. दुसऱ्या दिवशी बापच पडला. म्या पंपाचं नाव काढलं असतं त पोलिस त्याच्या मांगं लागले असते. त्याचा चेहरा पायला व्हता म्या. लेकरू आधीच मेल्यावानी झालतं. माहं काय, मी बसून राहीन अंदर."

बादल, तू पंप चांगला होता म्हणालास तेव्हा खोटं बोलतो आहेस हे तिला तिथल्या तिथे कळलं होतं. तरी ती जीपमध्ये चढली.

आता हे पत्र का, ते. रुपीबाई सुटणारच आहे, त्यासाठी तुझी गरज उरलेली नाही. अहवालात तुझं नाव कुठे नाही. मी हे लिहिते आहे ते प्रियंकानं मंगळवारी मला रडत फोन केला म्हणून. तू दोन दोन दिवस जेवत नाहीस, गाडी उभी ठेवून वावरात एकटा बसतोस, आणि आदल्या दिवशी तिनं घरातलं सगळं औषध उचलून नायकांकडे नेऊन ठेवलं, असं तिनं सांगितलं. ते ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाही. म्हणून ऐक. ट्यूबचा तुकडा तू बांधलास. पाठ ओली झाली तरी बा थांबला नाही. रुपीबाईनं पंप हिसकला नाही. आणि मी आठ वर्षं हेच औषध परदेशातल्या माणसांच्या पोटात जाऊ नये म्हणून कणाकणानं मोजते आहे, ते कातडीतून आत जातं हे मला पाठ आहे, आणि बाला एकदाही म्हटलं नाही की पंप दाखव, पाठ दाखव. कुणाचं किती, हे मोजणारं यंत्र नाही, आणि असतं तरी मी त्यावर तुला लावलं नसतं. खोट्या जबाबाचं मात्र आपल्याला भरून द्यावं लागेल. तू जबाब बदलायला ठाण्यात जाशील तेव्हा मी माझ्या सहीचं सांगायला तुझ्याबरोबर येईन, जे होईल ते दोघांचं होईल. बुधवारी संध्याकाळी मी तांड्यावर पोचते. तोवर तू एकटा राहू नकोस. प्रियंकाला सांगितलं आहे, ती तुझ्यापासून हलणार नाही, तिच्यावर चिडू नकोस. आणि गुरुवारी अकरा वाजता गाडी घेऊन यवतमाळला चल. काल मी रुपीबाईला म्हटलं होतं, "तुझ्या भावाला न्यायला बोलावते." तिनं मान हलवली आणि म्हणाली, "बादलले पाठवजो. दुसऱ्या कोनाच्या गाडीत मी बसत नाही."

तुझीच, आणि तुझ्याइतकीच चुकलेली,
संगीता